दत्तजयंतीनंतर आठ-नऊ दिवसांनी

ताई, नमस्कार.

आम्ही कोल्हापुरात फुलेवाडीत राहतो. माझे सासरे ७६ वर्षांचे आहेत, घरात सगळे त्यांना आबा म्हणतात. मूळ गाव आजरा तालुक्यात. मराठा लाइट इन्फंट्रीच्या जंगी पलटणीत भरती झाले आणि हवालदार म्हणून रिटायर झाले. १९७१ च्या लढाईत ते बांगलादेशात जमालपूरला होते. माझ्या लग्नाला २२ वर्षं झाली, पण त्यांच्या तोंडून लढाईचा शब्द कधी ऐकला नव्हता. दीड वर्षापूर्वी सासूबाई गेल्या, आबा आमच्याकडे आले, आणि रात्री जेवणं झाली की बोलायला लागले. सांगतात ती एकच रात्र. "वाडीची दत्तजयंती हून आठ-नऊ दीस झालतं," अशी सुरुवात. वाडी म्हणजे नृसिंहवाडी. रस्त्याच्या कडेला मोर्चे खणून बसले होते. आबा एलएमजीवर, म्हणजे हलक्या मशीनगनवर, नंबर दोन, मॅगझिन भरून द्यायचं काम. सांगताना उजव्या हाताचा अंगठा चोळत राहतात. शेवटही ठरलेला. "आनि मग उजाडलं." एवढं म्हणतात, थांबतात आणि चहा मागतात.

माझा मुलगा इंजिनिअरिंगला आहे. त्यानं हे मोबाइलवर रेकॉर्ड केलं. गेल्या १६ डिसेंबरला घरी पाहुणे होते. सगळ्यांसमोर त्यानं विचारलं, "आबा, तारीख किती होती?" आबा म्हणाले, "सोळा." मुलानं तिथंच मोबाइल काढला. "चूक. ती लढाई १० डिसेंबरच्या रात्री झाली. आणि गोळी गुंडाळलेली चिठ्ठी मी बघितली म्हणता, ती तर ब्रिगेडियरकडे आली होती. तुम्ही शिपाई, तुम्हाला कुठून दिसणार?" पाहुणे हसले. आबा काही बोलले नाहीत, आणि तेव्हापासून लढाईबद्दल एक शब्द नाही. रात्री दोन-अडीचला मात्र उठून दाराशी बसतात. मिस्टर म्हणतात, बरं झालं, जुनं उकरून काय मिळणार. मुलगा म्हणतो, मी खोटं काय बोललो? मी काय करू? त्यांना बोलतं करू, की राहू देऊ?

— एक सून, फुलेवाडी

*

ताई,

तुमच्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. वाडीची दत्तजयंती होऊन आठ-नऊ दिवस झाले होते. मग आधी हिशेबच करू, कारण तुमच्या मुलाला हिशेबाची भाषा लवकर कळेल.

१९७१ साली मार्गशीर्षातली पौर्णिमा २ डिसेंबरला होती. दत्तजयंती त्याच सुमाराला. तिथून आठ-नऊ दिवस पुढं मोजा. कुठं येता? थेट ९, १०, ११ डिसेंबरला. जमालपूरच्या दक्षिणेच्या रस्त्यावर जंगी पलटणीनं नाकाबंदी केली होती, आणि पाकिस्तानच्या ३१ बलुच पलटणीनं ती फोडून बाहेर पडायचा प्रयत्न केला तो १० आणि ११ डिसेंबरच्या मधल्या रात्री. तुमच्या मुलानं मोबाइलवर जी तारीख शोधली, तीच आबा दीड वर्ष दररोज रात्री सांगत होते. पहिल्याच वाक्यात सांगत होते. रेकॉर्डिंगमध्येही ती असेल. त्याला ऐकू आली नाही, कारण ती इंग्रजी महिन्यात नव्हती.

आता सोळा कुठून आली? तुम्हीच आठवून बघा. १६ डिसेंबर १९७१ ला ढाक्यात पाकिस्तानी सैन्यानं शरणागती पत्करली. तो विजय दिवस. दरवर्षी त्या दिवशी शाळेत, ग्रामपंचायतीत, तालमीत माजी सैनिकांना बोलावतात, शाल-श्रीफळ देतात, भाषणं होतात. पन्नास वर्षं ज्या माणसाला लढाई म्हटलं की सोळा तारीख ऐकवली, त्याला पाहुण्यांसमोर अचानक तारीख विचारली तर तोंडात सोळाच येणार. ती तारीख आपण सगळ्यांनी मिळून त्यांच्या डोक्यात बसवली आहे. त्यांची स्वतःची रात्र ते दत्तजयंतीवरून मोजतात. आजऱ्याकडचा बावीस वर्षांचा पोरगा तिकडं चिखलात मोर्चा खणून बसलाय आणि मनात हिशेब चाललाय की वाडीला पालखी होऊन किती दिवस झाले. मला तरी या एका वाक्यात जमालपूरच्या कुठल्याही वर्णनापेक्षा जास्त दिसतं.

चिठ्ठीचं जरा वेगळं आहे. ती घटना खरी आहे. ९ डिसेंबरला आपल्या ब्रिगेडियर क्लेर यांनी जमालपूरच्या पाकिस्तानी कमांडरला शरण येण्याबद्दल पत्र पाठवलं होतं आणि त्यानं उत्तराच्या कागदात बंदुकीची गोळी गुंडाळून पाठवली. ही गोष्ट पलटणीत त्या दिवसापासून आजपर्यंत सांगितली जाते. आबांनी ती गोळी डोळ्यांनी पाहिली, की संध्याकाळी मोर्च्यात कुणी सांगितली आणि पुढं बराकीत, रजेत, रियुनियनला शंभरदा ऐकता ऐकता ती त्यांच्या डोळ्यांसमोर आली, हे आज कुणीच सांगू शकत नाही. कदाचित तेही नाही. माझ्या आजीला तिच्या जन्माआधीचा पूर आठवायचा, घरात इतक्यांदा ऐकला होता. तिला कुणी खोटारडी म्हटलं नाही. एकत्र राहिलेल्या, एकत्र भ्यालेल्या माणसांच्या आठवणी एकमेकांत मिसळतात. मुलाला सांगा, इथं तुझी शंका बरोबर असू शकते. पण शंका वहीत लिहायची असते, म्हाताऱ्या माणसाच्या तोंडावर पाहुण्यांदेखत मारायची नसते.

मी हे इतक्या तळमळीनं लिहितेय त्याला घरचं कारण आहे. माझा थोरला मामा श्रीलंकेत होता, भारतानं तिथं पाठवलेल्या शांतिसेनेत. जुलै १९८७ चा करार, ऑक्टोबरात जाफन्यात पेटलेली लढाई, मार्च १९९० पर्यंत सगळं सैन्य परत. आपले अकराशेहून जास्त जवान तिथं मारले गेले. मामा परत आला तेव्हा गावात शाल नाही, श्रीफळ नाही. पारावर लोक विचारायचे, "शांतिसेना म्हंजे शांतता राखाय गेलता न्हवं? मग लढाई कसली?" दोन-तीनदा त्यानं समजावून सांगायचा प्रयत्न केला आणि मग सोडून दिला. मी तेव्हा शाळकरी. मीही विचारलं होतं, "मामा, तू किती जणांना मारलंस?" तो म्हैस धूत होता. धूतच राहिला. मी दुसऱ्यांदा विचारलं नाही, आणि दुसरं काही विचारायचं असतं हे मला कळलं नाही.

एक गोष्ट मात्र आम्ही सगळी पोरं बघत होतो. रस्त्यात कुठं नवी बुजवलेली चर दिसली, पाइपलाइनसाठी खणून ताजी माती टाकलेली, की मामा सायकलवरून उतरायचा. सायकल खांद्यावर घ्यायचा आणि उसाच्या बांधावरून वळसा घालून पलीकडं निघायचा. भर पावसात, चिखलात, मागं कॅरिअरवर मी असले तर मलाही उतरवून. आम्हाला वाटायचं, मामाला चप्पल खराब होण्याची भीती. मामा गेला त्याला चौदा वर्षं झाली. त्यानंतर कधीतरी वाचलं की तिकडं 'वाघां'नी, म्हणजे एलटीटीईच्या तमिळ बंडखोरांनी, रस्त्याखाली, मोऱ्यांखाली सुरुंग पुरले होते आणि ताजी उकरलेली माती हीच त्याची खूण. तो आम्हाला दर आठवड्याला सांगत होता, ताई. सायकल खांद्यावर घेऊन सांगत होता. एकदा जरी विचारलं असतं, मामा, इथून का जायचं नाही, तर कदाचित बोलला असता.

म्हणून तुमच्या मिस्टरांचं म्हणणं मला पटत नाही. उकरायचं नाही, हे खरं. पण आबा स्वतःहून उघडत होते. बायको गेल्यावर, दुसऱ्याच्या घरी, रात्रीच्या जेवणानंतर. तुमच्याशी बोलणं त्यांना जड जात असतं तर दीड वर्ष बोलले नसते. ते दार आपण लावलं आहे, तेव्हा उघडायचंही आपणच.

आता कसं, ते सांगते.

मुलानं "सॉरी आबा" म्हणून मोकळं व्हायचं नाही. त्यानं १९७१ च्या डिसेंबरची तिथी शोधावी. मोबाइलवर मिळेल, नाहीतर गावातल्या गुरुजींकडं जुनं पंचांग असतं. मग आबांजवळ बसावं आणि सांगावं, "आबा, तुमचं बरोबर होतं. दत्तजयंतीवरून मोजलं तर दहाच तारीख येते. मी नीट ऐकलं नव्हतं." पाहुण्यांसमोर चूक काढली होती, तर हेही चार माणसांसमोर म्हणायला हरकत नाही. घरच्या घरी म्हटलं तर निदान त्याच्या वडिलांसमोर म्हणावं. त्यावर आबा "असूं दे" म्हणतील आणि उठून जातील. जाऊ द्या. लगेच पुढचा प्रश्न नको.

पुढं बोलायची वेळ आली की समोर बसून, मोबाइल रोखून विचारू नका. हाताला काम द्या. फुलेवाडीच्या फ्लॅटमध्ये शेतकरी माणसाला हाताला काम नसतं, हे त्यांचं निम्मं दुखणं असेल. एक पायली शेंगा आणा, फोडायला बसवा, तुम्ही शेजारी बसा. शेंग फोडताना अंगठाच लागतो. मॅगझिनमध्ये गोळ्या दाबून भरतानाही अंगठाच लागतो. स्प्रिंग आवळत जाते तशी शेवटच्या गोळ्यांना ताकद लागते आणि रात्रभर भरत राहिलं की अंगठा सुजतो. ते चोळतात ते त्याचमुळं असेल. तुम्ही फक्त म्हणा, "आबा, अंगठा दुखतोय का?" आणि थांबा.

लहान गोष्टी विचारा. पिठ्ठूत, पाठीवरच्या पिशवीत, खायला काय दिलं होतं, शक्करपारे की नुसते चणे? बूट ओले झाले तर वाळवायचे कुठं? लंगरचा, म्हणजे पलटणीच्या स्वयंपाकघराचा, आचारी कुठला होता, भाकरी कधी मिळायची का? पत्राच्या पत्त्यात गावाचं नाव नसायचं, नुसती पलटण आणि '९९ एपीओ'. मग घरचं पत्र किती दिवसांनी हातात पडायचं? ज्याला लिहिता येत नव्हतं त्याचं पत्र कोण लिहायचं? एलएमजीचा नंबर एक कोण होता, कुठल्या गावचा? हा शेवटचा प्रश्न जपून विचारा. त्याचं उत्तर सोपं असेलच असं नाही. पण नंबर एक आणि नंबर दोन रात्रभर खांद्याला खांदा लावून असतात, आणि त्या माणसाचं नाव घरात कुणी तरी विचारावं असं आबांना वाटत असेल.

शौर्याचे प्रश्न नकोत. भीती वाटली का, हेही नको. "किती मारले" तर घरात कुणाच्याच तोंडून यायला नको. पाहुणेरावळे विचारतील, तेव्हा तुम्ही मध्ये पडून विषय बदला.

रेकॉर्ड करायचं तर विचारून करा. सांगतील तसं, त्यांच्याच बोलीत ठेवा. 'झालतं'चं 'झालं होतं' करू नका. मुलानं दोन वह्या कराव्यात. एकीत आबा म्हणतात ते, अक्षर न बदलता. दुसरीत पुस्तकांत आणि नोंदींत मिळतं ते. जिथं दोन्ही जुळत नाहीत तिथं पेन्सिलीनं खूण करावी आणि तसंच राहू द्यावं. या वेळी हिशेब जुळला, पुढच्या वेळी जुळणार नाही, तेव्हाही पहिली वही खोडायची नाही. आणि देशभक्तीचं गाणं लावून त्याची रील करायची असेल तर आधी आबांना दाखवावी. ते नको म्हणाले तर नको.

त्यांच्या पेटीत पदकं असतील. पूर्व आघाडीवर होते, म्हणजे पूर्वी स्टार आणि संग्राम पदक असणार. पदकाच्या कडेवर किंवा मागे त्यांचा नंबर आणि नाव कोरलेलं असतं. पितांबरी लावून लखलखीत करू नका, अक्षरं झिजतात. डिस्चार्ज बुक नीट ठेवा. त्यात सगळ्या नोकरीच्या नोंदी असतात, शिवाय पेन्शनच्या कामालाही लागतं.

आता त्या "उजाडलं"बद्दल. त्या रात्रीनंतर सकाळी जमालपूरच्या त्या रस्त्यावर काय होतं, ते मुलानं वाचलं असेल. आपल्याकडच्या नोंदींनुसार शत्रूचे दोनशेहून जास्त सैनिक नाकाबंदीसमोर मारले गेले. अंधारात ते आवाज होते, सावल्या होत्या. उजाडल्यावर ती माणसं झाली, बहुतेक आबांच्याच वयाची. आबांचं काम मॅगझिन भरून द्यायचं होतं, आणि त्यांनी ते रात्रभर केलं. मी त्यांच्या मनातलं सांगू शकत नाही, तुम्हीही ओळखायला जाऊ नका. पण ते दर वेळी नेमके तिथंच थांबत असतील तर ती जागा त्यांची आहे. "मग पुढं काय झालं" असं विचारू नका. ही गोष्ट अर्धवट राहिली असं तुम्हाला वाटेल, मुलाला तर नक्की वाटेल. राहू द्या. चहा मागतात तेव्हा चहा द्या आणि जवळ बसा. एखाद्या दिवशी पुढचं सांगतील किंवा सांगणार नाहीत.

रात्रीच्या उठण्याचं मात्र सोडून देऊ नका. मला एक वाटतं. आबा पन्नास वर्षं असेच उठत असतील आणि ते फक्त सासूबाईंना ठाऊक असेल. त्या उठून पाणी देत असतील, पाठीवर हात ठेवत असतील, सकाळी कुणाला सांगत नसतील. आता ती सोबत गेली, म्हणून ते तुम्हाला पहिल्यांदा दिसतंय. मिस्टरांना सांगा, आठवड्यातून दोन-तीन रात्री वडिलांच्या खोलीत झोपा. बोलायची गरज नाही, दाराशी जाऊन बसले तर शेजारी बसायचं. मुलगा म्हणून हे त्यांनीच करायचं, सुनेवर टाकायचं नाही.

आणि डॉक्टरांना दाखवा. आठवण सांगणं हा आजार नाही, पण महिनोन् महिने झोप मोडणं, फटाक्यानं किंवा दार आपटल्यानं अंग थरथरणं, जेवण तुटणं, लष्करी कॅन्टीनमधून आणलेली दारूची बाटली चार दिवसांत संपणं, "आता जगून काय करायचं" असं तोंडून येणं, यातलं काहीही दिसलं तर थांबू नका. कोल्हापुरात माजी सैनिकांसाठी ईसीएचएसचं पॉलिक्लिनिक आहे, तिथून मानसोपचारतज्ज्ञांकडं पाठवतात. सीपीआर या सरकारी दवाखान्यातही दाखवता येईल. रात्री-अपरात्री घाबरायला झालं तर १४४१६ हा सरकारी फोन आहे, मराठीत बोलता येतं. "वेड्याचा डॉक्टर" हा शब्द आबांसमोर काढू नका. झोपेचे डॉक्टर म्हणा, ते खोटंही नाही. गणपती विसर्जनाच्या रात्री आपल्या शहरात जो दणदणाट होतो, त्या दोन दिवसांत त्यांना गावी पोचवून या.

एक सोपी गोष्ट राहिली. महिन्याला कॅन्टीनला जात असतील तर मुलानं गाडीवरून सोडावं आणि परत आणायची घाई करू नये. तिथं रांगेत त्यांच्यासारखे दहा जण असतात. सैनिक टाकळीचे असतील, गडहिंग्लजचे, चंदगडचे. 'कुठली पलटण?' एवढ्यावर तासभर बोलणं होतं. तिथं कुणी तारीख तपासत नाही, आणि जे घरात सांगता येत नाही ते तिथं अर्ध्या वाक्यात कळतं. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात चौकशी केलीत तर जंगी पलटणीचे जुने साथीदार जवळपास कुठं राहतात, याचा धागा लागू शकेल. एखादा भेटला तर त्याला घरी जेवायला बोलवा. त्या दिवशी तुम्ही आणि मुलगा आतल्या खोलीत बसा, बाहेर ते दोघं.

मिस्टरांना माझा एक निरोप द्या. वडिलांची ही रात्र त्यांनी अजून स्वतः ऐकलेली नाही, असं तुमच्या पत्रावरून वाटतं. ऐकणाऱ्यांत तुम्ही आहात, मुलगा आहे, ते कुठंच नाहीत. लहानपणी वर्षातून दोन महिने रजेवर येणारा बाप त्यांच्या वाट्याला आला, त्याची अढी असेल. असू शकते, ती चुकीची नाही. पण बाप अजून घरात आहे.

आणि माझ्यासाठी एक विचाराल का? लढाईनंतर आबा पहिल्यांदा रजेवर आले, एसटीतून उतरून घरी चालत गेले, तेव्हा आईनं त्यांना उंबऱ्यातच थांबवून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला होता का? माझ्या आजीनं मामावरून टाकला होता. अंधार पडला होता, तुकडा कुठं पडला ते दिसलं नाही, आणि मामा आत यायचं सोडून बराच वेळ तिथंच उभा राहिला होता. आबांना विचारा. काय म्हणाले ते मला नक्की कळवा.